फ्राईज मऊ पडतात, काळ्या होतात, तेल पितात? कढईला दोष देण्याआधी या चुका टाळा

फ्राईज बिघडल्या की घरात पहिला संशय तेलावर जातो, दुसरा गॅसवर आणि तिसरा तळणाऱ्या बाईवर. बटाट्याला कुणीच जबाबदार धरत नाही. तो बिचारा भाजीत शिजतो, वड्यात बसतो, साबुदाण्याच्या खिचडीतही चालून जातो, मग फ्राईजलाच काय अडचण असणार, असं आपण गृहीत धरतो. अडचण तिथेच असते. रस्सा भाजी कुठल्याही बटाट्याची होते. फ्राईज मात्र कढई तापायच्या आधी, पिशवीत बटाटा पडतो तेव्हाच निम्म्या जमलेल्या किंवा बिघडलेल्या असतात.

खान्देशात तर हे जास्तच लागू आहे. केळी, कापूस, मका, ज्वारी आपल्या मातीतली. बटाट्याची लागवड आपल्याकडे फारशी नाही. बाजार समितीत उतरणारा माल कधी इंदूर-महूकडचा, कधी उत्तर गुजरातचा, कधी आग्र्याकडचा, तर कधी पुणे जिल्ह्यातल्या मंचर-खेडकडचा असतो. धुळ्याच्या पाचकंदीलला किंवा जळगावच्या एखाद्या हातगाडीवर हे सगळे एकाच भावात, कधी एकाच ढिगात दिसतात. म्हणून फेब्रुवारीत छान जमलेल्या फ्राईज ऑक्टोबरमध्ये, त्याच हाताने, त्याच कढईत काळ्या होतात.

चूक पहिली: ‘बटाटा म्हणजे बटाटा’

फ्राईजसाठी बटाट्यात दोन गोष्टी बघायच्या. पिठूळपणा जास्त हवा आणि साखर कमी हवी. बाकी रंग, गुळगुळीतपणा, साल किती चकचकीत आहे, याला फार अर्थ नाही.

पिठूळ बटाट्यात पाणी कमी आणि स्टार्च जास्त असतो. तळताना पाणी वाफ होऊन बाहेर पडतं, जागेवर कुरकुरीत कवच आणि आत मऊ, भुसभुशीत गर राहतो. पाणीदार बटाट्यात वाफच इतकी असते की कवच तयार होऊन पाच मिनिटांत परत ओलं होतं. फ्राईजचे कारखाने साधारण २० टक्क्यांच्या वर कोरडा अंश असलेला बटाटा मागतात, तो याच कारणाने.

आपल्याकडच्या बहुतेक जातींच्या नावात ‘कुफरी’ असतं. त्या सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेच्या जाती. कुफरी पुखराज हा पिवळसर, देखणा, लवकर येणारा बटाटा. भाजीला उत्तम, फ्राईजला वाईट, कारण त्यात पाणी फार. पहिला नवा माल येतो त्यात तो भरपूर असतो आणि त्याच्या रूपाला भुलून आपण तोच उचलतो. कुफरी ज्योती १९६८ ची जुनी जात. मधल्या गटातली, माळव्यात पिकलेली असेल तर वेफर्स आणि फ्राईज दोन्हींना चालते. कुफरी चिप्सोना १९९८ मध्ये आली, ती मुळातच वेफर्सच्या उद्योगासाठी. तिचा आकार गोल-लांबट, म्हणून पट्ट्या थोड्या आखूड निघतात, पण घरी मिळू शकणाऱ्या बटाट्यांत माझी पहिली पसंती तिलाच. कुफरी फ्रायसोना २००९ ची, नावाप्रमाणे फ्राईजसाठीच काढलेली आणि लांबट. ती आपल्या भाजीबाजारात क्वचितच दिसते. गुजरातेत मेहसाण्याजवळ मॅक्केनसारख्या कंपनीचा फ्राईजचा कारखाना आहे, त्या पट्ट्यात सांताना ही लांब अंडाकृती जात कारखान्यांसाठी करारावर लावतात. छाटणीत वगळलेला माल कधी नंदुरबार-शहाद्याकडे आला, तर लांब बटाटा दिसताच विचारून घ्यावा.

लाल सालीच्या बटाट्याबद्दल एक गैरसमज आहे, की तो चिकटच असतो. कुफरी सिंदुरीबद्दल मी काही बाजू घेणार नाही, पण लेडी रोसेटा हाही लालच आणि तो वेफर्सवाल्यांचा लाडका, चांगला पिठूळ बटाटा. सालीवरून जात ठरवू नका.

अडचण अशी की हातगाडीवर जातीचं नाव विचारलं तर उत्तर मिळत नाही. तिथली भाषा वेगळी असते.

“भाऊ, हा कोल्डचा, म्हणजे शीतगृहातला, का नवा?”

“शुगर फ्री आहे ताई, चिप्सचाच माल. घ्या डोळे झाकून.”

हे ‘शुगर फ्री’ मधुमेहाशी संबंधित नाही, हे आधी लक्षात घ्या. त्यात स्टार्च भरपूर असतोच. त्याचा अर्थ एवढाच, की हा बटाटा फार थंडीत ठेवलेला नाही, त्यामुळे गोड झालेला नाही, तळल्यावर काळा पडणार नाही. दोन रुपये जास्त घेत असेल तर द्या. पण डोळे झाकून मात्र नको, घरी तपासून बघा.

चूक दुसरी: न तपासता पाच किलो आणणे

आधी अर्धा किलो आणा. एक लिटर पाण्यात सव्वाशे ग्रॅम मीठ पूर्ण विरघळवा; स्वस्तातलं जाडं मीठ चालेल. बटाटे धुऊन, माती काढून त्यात सोडा. जो तळाशी जातो तो पिठूळ, फ्राईजचा. जो तरंगतो तो पाणीदार, त्याचा रस्सा करा किंवा वांग्यासोबत टाका. अधांतरी डुगडुगणारा असेल तर तोही चालवून घ्यायचा, मात्र त्याला पुढे सांगितलेलं उकळणं सोडायचं नाही. मोठा बटाटा आतून पोकळ असला तर उगाच तरंगतो, म्हणून तरंगणारा एखादा कापूनही पाहा. मिठाचं पाणी फेकू नका, बरणीत भरून ठेवलं तर पुढच्या खेपेला चालतं.

पिठूळपणा कळला, आता साखर. एका बटाट्याची मधून एक पातळ चकती कापा, पुसून कोरडी करा आणि गरम तेलात बुडबुडे थांबेपर्यंत तळा. चकती फिकट सोनेरी राहिली तर बटाटा पास. बुडबुडे थांबायच्या आत तांबडी-तपकिरी झाली, चव कडवट लागली, तर त्यात साखर चढली आहे. वेफर्सचे कारखानेही मालाची गाडी घेण्याआधी मुळात हेच करतात, फक्त त्यांच्याकडे रंग मोजायची यंत्रं असतात.

चूक तिसरी, आणि सगळ्यात मोठी: थंडीत ठेवलेला बटाटा

याच्यावर जरा थांबू, कारण फ्राईजच्या निम्म्या तक्रारींचं मूळ इथे आहे.

बटाटा काढला तरी जिवंत असतो. तो श्वास घेतो. थंडी वाढली, साधारण ८ अंशांच्या खाली गेली, की तो आपल्या स्टार्चची साखर करू लागतो. भाजीच्या बटाट्याची शीतगृहं २ ते ४ अंशांवर चालवतात. तिथे कोंब येत नाहीत, माल महिनोन्‌महिने टिकतो, पण गोड होतो. तळताना हीच साखर बटाट्यातल्या अमिनो आम्लांशी, मुख्यतः अस्पॅरॅजिनशी, संयोग पावते आणि रंग झरझर गडद होतो. आत कच्चं असताना बाहेर काळं होण्याचं कारण हे. तुम्ही आंच कमी करता, मग काळं थोडं उशिरा होतं आणि तेल मात्र जास्त शोषलं जातं. दोन्हीकडून तोटा.

याच अभिक्रियेतून अ‍ॅक्रिलामाइड नावाचं संयुग तयार होतं. तळलेल्या आणि भाजलेल्या पिष्टमय पदार्थांत ते असतं, हे स्वीडनच्या संशोधकांनी २००२ मध्ये दाखवलं आणि त्यानंतर जगभरचे कारखाने बटाट्यातल्या साखरेवर जास्तच काटेकोर झाले. घरापुरता नियम सोपा: फ्राईज सोनेरी असताना काढा, तांबूस होऊ देऊ नका. ‘खरपूस’ हा शब्द भाकरीला ठेवा.

आता वर्षाचं चक्र पाहा. रब्बीचा नवा बटाटा जानेवारी ते मार्च येतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये शीतगृहं भरतात आणि उन्हाळा सरत आला की त्यातला माल निघू लागतो. पुढे दिवाळीपर्यंत बाजारात जे दिसतं त्यात कोल्डचा माल मोठा असतो. मार्चमधला, पूर्ण पक्व झालेला, साल अंगठ्याने घासली तरी न सुटणारा बटाटा फ्राईजला सगळ्यात चांगला. जानेवारीतला अगदी कोवळा, साल सहज निघणारा मात्र नको. त्यात पाणी जास्त असतं आणि अपक्व असल्याने साखरही.

यात आपला उन्हाळा आणखी एक घोळ करतो. भुसावळ-जळगावला मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास गेला की माणूस बटाटेही फ्रिजमध्ये ढकलतो. हेतू चांगला, पण फ्रिजमध्ये तुम्ही शुगर फ्री म्हणून जास्त पैसे देऊन आणलेल्या बटाट्याची आठवड्याभरात साखर करून टाकता. बटाटा फ्रिजमध्ये नको. जुन्या धाब्याच्या घरातली मागची अंधारी खोली ही त्याची खरी जागा. ती नसेल तर घरातला सगळ्यात थंड कोपरा, तागाचं पोतं किंवा भोकाची टोपली आणि आठवड्याला पुरेल एवढाच माल. प्लॅस्टिकच्या पिशवीत, ओट्याखाली, गॅसजवळ ठेवलेला बटाटा उष्णतेने आणि हवा न मिळाल्याने आतून काळा पडतो.

कोल्डचाच बटाटा पदरी पडला तर? दिवाळीनंतर, थंडीच्या दिवसांत उपाय आहे. १५ ते २० अंशांच्या खोलीत, उजेड नसलेल्या ठिकाणी दोन-तीन आठवडे पसरून ठेवला तर बरीचशी साखर तो स्वतःच खर्च करतो आणि काहीची पुन्हा स्टार्च करतो. आठवड्याने एक चकती तळून पाहत राहायचं. फार जुना, सुरकुतलेला, कोंब फुटलेला बटाटा मात्र असा सुधारत नाही. उन्हाळ्यात खोल्याच ३५ च्या पुढे असतात, तेव्हा हा उपाय विसरा आणि गरम पाण्याने साखर काढा.

कसं ते सांगते. दीड लिटर पाणी खळखळून उकळा, गॅस बंद करा, त्यात एक पेला साधं पाणी ओता आणि अर्धा किलो कापलेल्या पट्ट्या टाकून झाकण ठेवा. पाणी ७० अंशांच्या जवळपास येऊन स्थिरावतं. १५ मिनिटांनी निथळून घ्या. पृष्ठभागाजवळची बरीच साखर पाण्यात उतरते. शिवाय या तापमानाला बटाट्यातलं एक विकर (एन्झाइम) पेशींना जोडून ठेवणाऱ्या पेक्टिनला घट्ट करतं, त्यामुळे पट्ट्या नंतर तुटत नाहीत. एरवी ज्या बोअरच्या जड पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही म्हणून आपण वैतागतो, तेच पाणी इथे उपयोगी आहे. त्यातल्या कॅल्शियममुळे पट्ट्या आणखी मजबूत होतात. डाळीसाठी आरओचं पाणी, फ्राईजला बोअरचं.

हिरवट झालेला बटाटा असेल तर हिरवा भाग साल-गरासकट खोल कापून टाका. जास्तच हिरवा असेल तर अख्खा टाका. त्यात सोलॅनिन असतं आणि ते तळून जात नाही.

कापणं: वेफर्सची सवय फ्राईजला लावू नका

यावल, रावेर, सावदा, फैजपूर भागात केळीचे वेफर्स करताना कच्ची केळी थेट कढईवरच किसणीने सोडतात. डोळ्यांना ते बघायची इतकी सवय आहे की बटाटाही तसाच, कापला की तेलात, असा हात चालतो. केळीची चकती कागदाइतकी पातळ. तिचं पाणी क्षणात उडतं. फ्राय जाड असते. तिला आधी आतून शिजावं लागतं आणि मग बाहेरून कडक व्हावं लागतं, ही दोन कामं एका दमात होत नाहीत.

जाडी ८ ते १० मिलिमीटर ठेवा, म्हणजे करंगळीपेक्षा थोडी बारीक. त्याहून महत्त्वाचं म्हणजे सगळ्या सारख्या. एक जाड, एक बारीक असेल तर बारीक जळते आणि जाड कच्ची राहते, आणि मग आपण म्हणतो तेलाची आंच नीट नव्हती. बटाट्याची एक बाजू आधी कापून सपाट करा, त्या बाजूवर टेकवला की बटाटा घसरत नाही. टोकाचे तिरके तुकडे वेगळे काढा. ते संध्याकाळच्या भाजीत जातील.

कापताच पट्ट्या पाण्यात सोडा. हवेत राहिल्या तर काळसर होतात. पाणी दोन-तीनदा बदला, वरचा मोकळा स्टार्च निघून जाईपर्यंत. तो राहिला तर पट्ट्या एकमेकींना चिकटतात आणि तेलात गाळ जमतो. अर्धा तास पुरे. रात्रभर भिजवणाऱ्यांना मी अडवत नाही, पण रात्रभर ठेवायच्या तर त्याच पाण्यात मीठ घालू नका.

वाळवणाच्या वेफर्सना तुरटी फिरवतात तशी फ्राईजच्या पाण्यातही काही घरांत फिरवतात. पट्ट्या घट्ट राहतात हे खरं, पण हात जरा जड झाला की तुरट चव येते. त्यापेक्षा एक लिटर पाण्याला एक मोठा चमचा पांढरं व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घालून त्यात सात-आठ मिनिटं मंद उकळा. आम्ल असलं की पेक्टिन लवकर विरघळत नाही, म्हणून पट्ट्या शिजतात पण फुटत नाहीत, आणि शिजल्यावर येणारी करडी छटाही कमी होते. चांगला पिठूळ बटाटा तर साध्या पाण्यात उकळताना हमखास तुटतो, त्याला हे लागतंच. गरम पाण्याचा साखर काढायचा उपाय केला असेल तर हे वेगळं उकळणं तीन-चार मिनिटांवर आणा. व्हिनेगरची चव मागे राहत नाही.

ओल्या पट्ट्या तेलात

सुती धोतराच्या किंवा जुन्या पंचाच्या कापडावर पसरा. खान्देशात एप्रिल-मेमध्ये हवा इतकी कोरडी असते की पंख्याखाली दहा मिनिटांत काम होतं. गच्चीवर उन्हात टाकायचा मोह आवरा. वाळवणाच्या बिबड्यांशेजारी पसरलेल्या पट्ट्या वरून चामड्यासारख्या होतात आणि मग कवच कुरकुरीत न होता चिवट होतं. श्रावण-भाद्रपदात उलट, अर्धा तास पंखा लावूनही दमटपणा राहतो. तेव्हा कोरड्या कापडाने एकदा हाताने टिपून घ्या. ओली पट्टी तेलात गेली की तेल उसळतं, फेस येतो, आंच एकदम पडते, आणि हातावर उडतं ते वेगळंच.

एकदाच तळणे

दोनदा तळायला वेळ कुणाला आहे, हा प्रश्न रास्त आहे. पण एकदाच तळून कुरकुरीत राहणाऱ्या जाड फ्राईज मी तरी पाहिलेल्या नाहीत.

पहिलं तळण १५० ते १६० अंशांवर, पाच-सहा मिनिटं. रंग येता कामा नये, पट्टी फिकट, मऊ आणि वाकणारी असते. ती बाहेर काढून किमान अर्धा तास मोकळी पसरा. या वेळात आतला ओलावा कवचाकडे सरकतो, पृष्ठभागावरचा स्टार्च घट्ट बसतो. दुसरं तळण १८० ते १९० अंशांवर, दोन-तीन मिनिटं, सोनेरी होईपर्यंत.

थर्मामीटर नसेल तर एक पट्टी टाकून पाहा. ती तळाशी जाऊन बारीक बुडबुडे सोडत सावकाश वर आली तर पहिल्या तळणाची आंच आहे. टाकताच जोरात चुरचुरली आणि लगेच तरंगली तर दुसऱ्या तळणाची. तेलातून धूर निघाला तर तुम्ही पुढे गेलात. गॅस बंद करून तेल उतरू द्या, धुरातच पट्ट्या सोडू नका.

पाहुणे येणार असतील तर पहिलं तळण सकाळी उरकून ठेवा. त्या पट्ट्या ताटलीत एकमेकींना न चिकटता गोठवून, मग डब्यात भरून फ्रीझरमध्ये महिनाभर राहतात. गोठताना आतल्या पाण्याचे स्फटिक पेशी फोडतात, त्यामुळे पाणी तळताना लवकर निघतं आणि गर जास्त भुसभुशीत होतो. तळताना वितळवून घेऊ नका. गोठलेल्याच तेलात सोडा, मात्र थोड्या-थोड्या.

गर्दी

एक लिटर तेलात एका वेळी दोनशे-अडीचशे ग्रॅम पट्ट्या, त्याहून जास्त नाही. मुलं ओट्याशी उभी असतात, ‘आई, झालं का’ चालू असतं, आणि आपण दोन मुठी जास्त टाकतो. तेल थंड पडतं आणि पट्ट्या तेल पिऊन बसतात. मुलांना आधी शेंगदाणे द्या.

तेल

शेंगदाण्याचं तेल खान्देशात घराघरांत आहे. घाणीचं तेल वासाला अप्रतिम, पण गाळीव-शुद्ध तेलाच्या मानाने लवकर धुरावतं, म्हणून ते पहिल्या तळणापुरतं ठीक. दुसऱ्याला रिफाइंड शेंगदाणा किंवा सरकीचं तेल बरं. कापसाच्या प्रदेशात सरकीच्या तेलाबद्दल वेगळं सांगायला नको. भज्यांच्या, शेवेच्या तेलात फ्राईज तळू नका. तेलात राहिलेली बेसनाची पूड जळते आणि काळे ठिपके होऊन फ्राईजला चिकटते. त्याउलट चालतं, फ्राईजच्या तेलात दुसऱ्या दिवशी भजी तळायला हरकत नाही, गाळून घेतलं म्हणजे झालं. तेल किती वेळा वापरायचं? गडद, चिकट झालं, कोरड्या पट्टीवरही फेस थांबेनासा झाला, वास खवट आला की टाकून द्यायचं. व्यावसायिक तळणासाठी अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१८ पासून तेलातल्या ध्रुवीय संयुगांची, म्हणजे तेल पुन्हापुन्हा तापवून खराब झालं की वाढणाऱ्या घटकांची, मर्यादा २५ टक्के ठेवली आहे. घरी यंत्र नसतं, नाक आणि डोळे वापरा.

काढल्यावरच्या चुका

वर्तमानपत्रावर काढू नका, शाई तेलात उतरते. टिश्यूच्या ढिगाऱ्यावरही फार वेळ नको, खालून वाफ अडकते. पोळ्या गार करायची जाळी किंवा मोठी चाळणी सगळ्यात चांगली. आणि ‘गरम राहू दे’ म्हणून वरून ताट झाकणं हा फ्राईजवरचा सगळ्यात प्रेमळ अन्याय आहे. वाफ कोंडते आणि दोन मिनिटांत सगळं लिबलिबीत.

मीठ लगेच, तेल चकाकत असताना, आणि मिक्सरमध्ये पिठीसारखं बारीक केलेलं. जाडं मीठ घसरून परातीच्या तळाशी जातं. मसाला हवा असेल तर लसूण घातलेली शेंगदाण्याची सुकी चटणी बारीक वाटून वरून भुरभुरा. टोमॅटो सॉसची आठवण येत नाही. काळा मसाला चिमूटभरच, तो फ्राईजवर फार बोलतो. तेलात किंवा तळण्याआधीच्या पट्ट्यांना मसाला लावणं टाळा, तो जळतो.

तरीही काही बिघडलं तर

बाहेर काळी, आत कच्ची: साखर चढलेला बटाटा किंवा फार तापलेलं तेल. चकती तळून पाहिली की दोन्हींतलं कुठलं ते कळेल. सोनेरी पण पाच मिनिटांत मऊ: पाणीदार बटाटा, किंवा पहिल्या तळणानंतर थांबला नाहीत, किंवा झाकून ठेवलंत. तेलकट: गर्दी, थंड तेल, ओल्या पट्ट्या. आतून पोकळ, नुसतं टरफल: पहिलं तळण फार लांबलं किंवा तेल फार गरम होतं. कढईत तुटून चुरा: जास्त उकळलंत, व्हिनेगर विसरलात, किंवा पहिल्या मिनिटातच झारा फिरवलात. पट्ट्या टाकल्यावर एक मिनिट त्यांना हात लावू नका, कवच धरू द्या.

एअर फ्रायर

अर्धा किलोला दीड-दोन चमचे तेल चोळलंच पाहिजे. तेलाशिवाय फ्राईज होतात, पण त्या भाजलेल्या बटाट्याच्या काड्या असतात. वरचं सगळं, म्हणजे धुणं, उकळणं, वाळवणं, तसंच करा. आधी १६० वर १२ मिनिटं, मग २०० वर सात-आठ मिनिटं, मधे दोनदा हलवून. टोपलीत एकच थर. चारजणांच्या घरात यात कढईपेक्षा जास्त वेळ जातो, हे विकत घेताना कुणी सांगत नाही.

रताळी आणि उपवास

रताळ्यात साखर मुळातच भरपूर, त्यामुळे बटाट्याच्या आंचेवर ती काळी होणारच. त्यांना १६०-१७० च्या पुढे नेऊ नका आणि बटाट्याएवढ्या कुरकुरीत होतील अशी अपेक्षाही धरू नका. कोरड्या पट्ट्यांवर कॉर्नफ्लोअरचा पातळ हात दिला तर थोडा कडकपणा येतो. एकादशी-शिवरात्रीला मात्र कॉर्नफ्लोअर चालत नाही. साबुदाण्याचं किंवा शिंगाड्याचं पीठ घ्या, मीठ सैंधव आणि तेल नवं, कारण आदल्या दिवशीच्या भज्यांचं तेल सासूबाईंच्या नाकातून सुटत नाही. पीठ भुरभुरून चाळणीत हलवा, जास्तीचं झडू द्या, नाहीतर तेच तळाशी जाऊन जळतं.

फ्राईज उरल्याच तर मायक्रोवेव्हमध्ये घालू नका. लोखंडी तवा चांगला तापवा, तेल न घालता एका थरात पसरा आणि तीन-चार मिनिटं उलटवत राहा. पहिल्याइतक्या नाही, पण खाण्याजोग्या होतात.